कायद्याइतकंच हिरवं

इंग्लंडमधल्या नॉर्विच शहरात गोल्डस्मिथ स्ट्रीट नावाची १०५ घरांची वसाहत आहे. तिथल्या घरांच्या मुख्य दाराला टपाल टाकायची फट नाही. ब्रिटिश दार म्हटलं की ती झडपेची फट आलीच, पण इथे टपालपेटी दारातून काढून बाहेर पोर्चच्या भिंतीत बसवली आहे. कारण एवढंच की त्या फटीतून वारा आत शिरतो आणि घरातली ऊब बाहेर जाते. मिखाइल रिचेस या वास्तुरचनाकारांच्या संस्थेनं आखलेल्या या वसाहतीला २०१९ साली ब्रिटनचा मानाचा स्टर्लिंग पुरस्कार मिळाला. त्याआधी तो विमानतळाला मिळाला होता, संसदभवनाला मिळाला होता. नगरपालिकेच्या भाड्याच्या घरांना तो मिळाला, हीच मोठी बातमी होती.

बार्सिलोनात २०१८ साली ‘ला बोर्दा’ ही २८ घरांची लाकडी इमारत उभी राहिली. जमीन नगरपालिकेची, ७५ वर्षांच्या करारावर सहकारी संस्थेला दिलेली. सभासदाला घरात राहण्याचा हक्क आहे, घर विकण्याचा नाही. रहिवाशांनी बसून ठरवलं की तळघरात पार्किंग नको आणि कपडे धुवायची यंत्रं सगळ्यांत मिळून असावीत. पार्किंग गेलं तसं खोदकाम गेलं, खोदकामाबरोबर काँक्रीटही गेलं.

युरोपात पर्यावरणाला धरून नवं घर कसं बांधावं, असं कुणी विचारलं की या दोन इमारतींची नावं हमखास येतात. आणि या दोन्ही बाजारात विकायला बांधलेल्या नाहीत. मग जी घरं खरोखर विक्रीला आहेत, ज्यांच्या जाहिरातीत हिरवं पान आणि ‘ए’चं लेबल असतं, ती कितपत हिरवी आहेत? गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा हिशेब मांडला तर उत्तर बऱ्यापैकी सरळ निघतं. विकाऊ घर त्या त्या देशाच्या कायद्याइतकंच हिरवं असतं. त्याहून जास्त असलं तर त्यामागे बहुधा सरकारी अनुदान असतं किंवा आपलं घर आपणच बांधायला निघालेली हट्टी माणसं असतात.

तंत्राचा प्रश्न कधीच सुटलेला आहे. जर्मनीतल्या डार्मश्टाटमध्ये, क्रानिखश्टाइन भागात, १९९०-९१ साली चार घरांची एक रांग बांधली गेली. वोल्फगांग फाइस्ट हा भौतिकशास्त्रज्ञ आणि बो अ‍ॅडमसन हे स्वीडिश प्राध्यापक यांच्या चर्चेतून ती कल्पना निघाली होती. जाडजूड इन्सुलेशन, तीन काचांच्या खिडक्या, फटी नसलेल्या भिंती, आणि बाहेर जाणाऱ्या हवेतली ऊब काढून आत येणाऱ्या गार हवेला देणारं यंत्र. दोन्ही हवा एकमेकींना भेटत नाहीत, पातळ पडद्याच्या अल्याडपल्याडहून ऊब तेवढी देतात-घेतात. इतकं केल्यावर वर्षाला चौरस मीटरमागे १५ युनिटांत घर गरम राहतं. यालाच पुढे ‘पॅसिव्ह हाऊस’ म्हणू लागले. पंचवीस वर्षांनी पुन्हा मोजमाप केलं, तेव्हाही त्या घरांचा हीटिंगचा खर्च तसाच नगण्य होता. म्हणजे १९९१ नंतर ‘असं घर बांधता येत नाही’ म्हणायची सोय उरली नाही. ‘परवडत नाही’ एवढंच म्हणता येत होतं, आणि बिल्डर तेच म्हणत आले.

ब्रिटनची कथा त्यासाठी वाचावी. डिसेंबर २००६ मध्ये तिथल्या सरकारनं जाहीर केलं की २०१६ पासून प्रत्येक नवं घर शून्य कार्बनचं असेल. दहा वर्षांची मुदत होती. वीटवाल्यापासून बँकेपर्यंत सगळे कामाला लागले, नमुन्याची घरं झाली, प्रशिक्षणं झाली. मुदत संपायला सहा महिने उरले असताना, जुलै २०१५ मध्ये, सरकारनं ही अट एका दस्तऐवजातल्या एका परिच्छेदात रद्द करून टाकली. तयारी झालेली होती, माहिती होती, माणसं होती. तरीही अट गेल्याबरोबर बहुतेक बड्या बिल्डरांनी जुनाच नकाशा पुढे चालवला आणि नंतरच्या लाखो घरांत गॅसचे बॉयलर बसले. २०२२ साली गॅसचे भाव आकाशाला भिडले, तेव्हा ती बिलं भरली राहणाऱ्यांनी.

ब्रसेल्सनं उलट केलं. आधी काही वर्षं आदर्श इमारतींच्या स्पर्धा घेतल्या, बक्षिसं दिली, आणि मग २०१५ पासून नव्या बांधकामाला पॅसिव्हच्या तोडीचा नियम सक्तीचा केला. बिल्डर शहर सोडून पळाले नाहीत, बांधायला शिकले. नेदरलँड्समध्ये १ जुलै २०१८ पासून नव्या घरांना गॅसची जोडणीच मिळत नाही. त्यामागे नुसतं हवामानाचं तत्त्वज्ञान नव्हतं. ख्रोनिंगन प्रांतातल्या प्रचंड वायुसाठ्यातून दशकानुदशकं गॅस उपसल्यानं जमीन हादरू लागली होती. २०१२ साली हाउझिंगे गावात ३.६ रिश्टरचा धक्का बसला, घरांना तडे गेले, लोक चिडले. २०२४ मध्ये ते क्षेत्र कायमचं बंद झालं. आज नेदरलँड्समधल्या कुठल्याही नव्या स्कीममध्ये हीट पंप किंवा वस्तीच्या सामाईक उष्णतेची जोडणी असते, आणि तो ‘लक्झरी’च्या यादीत छापायचा मुद्दा राहिलेला नाही.

जर्मनीत कायद्यापेक्षा पैशाचा लगाम मोठा. तिथे सरकारी विकास बँक, म्हणजे केएफडब्ल्यू, ‘एफिशियन्सी हाऊस ५५’, ‘४०’ अशा पायऱ्या ठरवते. आकड्याचा अर्थ असा की नमुन्याच्या घराच्या ५५ किंवा ४० टक्के ऊर्जा. त्यानुसार स्वस्त कर्ज आणि अनुदान. २४ जानेवारी २०२२ ला अर्जांचा पूर आल्यानं सरकारनं ही योजना एका सकाळी थांबवली, आणि ज्यांनी जमीन घेऊन ठेवली होती ती कुटुंबं हवालदिल झाली. एप्रिलमध्ये १ अब्ज युरो घालून ती पुन्हा उघडली, तर काही तासांत तिजोरी रिकामी. लोकांना हिरवी घरं नको आहेत असं कुणी म्हणत असेल तर त्याला ही तारीख सांगावी: २० एप्रिल २०२२.

आता लेबलाकडे येऊ. २०१० च्या युरोपीय निर्देशानंतर घर विकायच्या जाहिरातीत ऊर्जेचा दर्जा छापणं बंधनकारक झालं. आपल्याकडे फ्रिजवर तारे असतात तसंच, पण तारे निदान देशभर एकाच मापाचे असतात. युरोपात नेदरलँड्सची पट्टी ‘ए’च्या पुढे चार अधिकचिन्हांपर्यंत जाते, जर्मनीत घरांना ‘ए+’ ते ‘एच’, आयर्लंडमध्ये ‘ए१’ पासून सुरुवात, फ्रान्समध्ये साधं ‘ए’ ते ‘जी’. एका देशातलं ‘ए’ दुसऱ्या देशात काय ठरेल सांगता येत नाही. २०२४ मध्ये सुधारलेल्या निर्देशानं हा घोळ मिटवायचं ठरवलं आहे. ‘ए’ म्हणजे शून्य उत्सर्जनाची इमारत आणि ‘जी’ म्हणजे त्या देशातल्या सर्वांत वाईट इमारती. २०३० पासून सगळी नवी घरं त्या ‘ए’च्या व्याख्येत बसायला हवीत.

पण लेबल कुठलंही असो, ते गणितानं काढलेलं असतं. घर जसं कागदावर आहे तसं बांधलं गेलंय, असं ते धरून चालतं. कागद आणि भिंत यांतलं अंतर बघायचं तर एक दुपार डोळ्यांपुढे आणा. घर जवळजवळ पुरं झालंय, रंग व्हायचाय. मुख्य दार उघडून चौकटीत लाल कापड ताणून बसवलंय, त्याच्या खालच्या भागात मोठा पंखा. पंखा फिरू लागतो, आतल्या-बाहेरच्या हवेच्या दाबात ५० पास्कलचा फरक पडतो. मग एक माणूस धुराची कांडी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरतो, आपण तिन्हीसांजेला उदबत्ती घेऊन देवघरापासून उंबऱ्यापर्यंत फिरावं तसा. धूर सरळ वर जात असेल तर ठीक. विजेच्या बोर्डापाशी, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, नळ भिंतीतून जातो तिथे धूर एकदम आडवा पडतो. तिथे हात ठेवला की गार वाऱ्याची बारीक धार लागते. प्लंबरनं किंवा वायरमननं शेवटच्या दिवशी घाईनं पाडलेलं एक भोक, त्यावर लावायची राहिलेली वीतभर टेप, आणि वर्षानुवर्षांचं बिल.

पॅसिव्ह हाऊसला या चाचणीत तासाला घरातल्या हवेच्या ०.६ पटीपेक्षा जास्त गळती चालत नाही. इंग्लंडमध्ये २०२२ पासून प्रत्येक नव्या घराची चाचणी करावी लागते, पण कायद्याची कमाल मर्यादा आहे चौरस मीटरमागे तासाला ८ घनमीटर. दोन्हींची मोजायची रीत वेगळी असल्यानं थेट भागाकार करू नये, तरी अंतर कित्येक पटींचं आहे. विक्रीच्या कार्यालयात दोन्ही घरांना ‘ऊर्जाक्षम’ हाच शब्द लावतात.

कागद आणि वास्तव यांतली दरी नवी नाही. स्वीडनमधल्या माल्मो शहरात जुन्या गोदीच्या जागी २००१ साली ‘बो०१’ नावाचं घरांचं प्रदर्शन भरलं आणि समुद्रकाठी देखणी वस्ती झाली. लक्ष्य होतं वर्षाला चौरस मीटरमागे १०५ युनिट. समुद्र दिसावा म्हणून लावलेल्या भल्यामोठ्या काचांनी काही इमारतींत ते धाब्यावर बसवलं. लंडनच्या दक्षिणेला २००२ मध्ये झालेल्या बेडझेड वसाहतीत लाकडाच्या ढलप्यांवर वीज आणि ऊब दोन्ही देणारं यंत्र बसवलं होतं. ते काही वर्षांतच बंद पडलं आणि गॅस आणावा लागला. तरी बेडझेडला नापास म्हणायला माझं मन घेत नाही. भिंती, सूर्याकडे तोंड केलेल्या काचा, कमी गाड्या हे सगळं टिकलं. बिघडलं ते यंत्र. यंत्र बदलता येतं, भिंतीतलं राहिलेलं इन्सुलेशन भिंत फोडल्याशिवाय घालता येत नाही. म्हणून नवं घर बघताना सोलर पॅनेल मोजत बसणाऱ्यांची मला गंमत वाटते. पॅनेल उद्याही लावता येतील.

इथवरचा हिशेब घर वापरण्याचा झाला. घर बांधताना जो कार्बन सिमेंटात, पोलादात, काचेत मुरतो त्याचं काय? हीटिंगचा खर्च जसजसा उतरत गेला तसतसा हा मुरलेला कार्बन डोळ्यांवर येऊ लागला. उत्तम इन्सुलेशनच्या नव्या घरात पुढच्या पन्नास वर्षांच्या उत्सर्जनाचा मोठा वाटा किल्ली हातात येण्याआधीच होऊन गेलेला असतो.

फ्रान्सनं यात पुढाकार घेतला. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या ‘आरई२०२०’ नियमानं बांधकामाच्या कार्बनला मर्यादा घातली आणि पुढच्या पायऱ्याही आधीच जाहीर केल्या. स्वतंत्र घराला चौरस मीटरमागे सुरुवातीला ६४० किलो, २०२५ पासून ५३०, आणि २०३१ मध्ये ४१५. याला मी शहाणा कायदा म्हणेन. आज कारखाना टाकणाऱ्याला दहा वर्षांनी काय खपेल ते कळतं. डेन्मार्कनं २०२३ मध्ये मोठ्या इमारतींना वर्षाला चौरस मीटरमागे १२ किलोची मर्यादा घातली, आणि ती सहज पाळली जाते म्हटल्यावर जुलै २०२५ पासून सरासरी ७.१ वर आणली, लहान घरंही तीत घेतली. युरोपीय निर्देशानुसार २०३० पासून हा आकडा प्रत्येक नव्या घराला काढावाच लागेल. काढावा लागेल, एवढंच. किती असावा ते देशांनी ठरवायचं आहे.

याच दबावातून लाकूड परत आलं. फळ्यांचे थर आडवे-उभे चिकटवून केलेली जाड पॅनेलं आता मजल्यावर मजले पेलतात. नॉर्वेतल्या ब्रुमुंदाल या छोट्या गावात २०१९ साली उभा राहिलेला म्योस्टॉर्नेट ८५.४ मीटर उंच आहे आणि त्यात फ्लॅटही आहेत. अ‍ॅमस्टरडॅममधला ७३ मीटरचा ‘हाउट’ तर विक्रीच्याच घरांचा, किमती उंचीला साजेशा. मात्र ‘लाकडी टॉवर’ हे शब्द जपून घ्यावेत. म्योस्टॉर्नेटच्या वरच्या मजल्यांच्या स्लॅब काँक्रीटच्या आहेत, कारण निव्वळ लाकूड इतकं हलकं की वाऱ्यानं इमारत डुलली असती. हाउटचा गाभाही काँक्रीटचा. यात फसवणूक नाही, अभियंत्यांचा तो समंजसपणाच आहे, पण माहितीपत्रकात त्याला जागा मिळत नाही.

मिलानच्या बोस्को वेर्तिकाले, अर्थात उभ्या जंगलाबद्दल मात्र मी इतका उदार नाही. २०१४ साली स्तेफानो बोएरींनी बाल्कन्यांत झाडं लावलेले दोन टॉवर उभे केले आणि जगभरच्या बिल्डरांना हिरवं चित्र मिळालं. इतक्या उंचीवर माती आणि झाडं पेलायची तर बाल्कनीचं काँक्रीट वाढतं. छाटणीला दोरावर लोंबकळणारे माळी लागतात. घरं श्रीमंतांची. पक्षी आले, डोळ्यांना थंडावा मिळाला, हे खरं. पण झाड ही खूण झाली, आणि जमिनीवर लावलं असतं तर ते स्वस्तात वाढलं असतं.

जागेचा विषय निघालाच आहे तर तिसरा हिशेब तोही. जर्मनीतल्या फ्रायबुर्गची फाउबान वस्ती फ्रेंच सैन्याच्या जुन्या छावणीवर वसली. घरापुढे गाडी लावायला जागा नाही. ज्याला गाडी हवी त्यानं वस्तीच्या कडेच्या पार्किंग इमारतीत हजारो युरो मोजून जागा घ्यायची. रस्त्यांवर मुलं खडूनं चित्रं काढतात, ट्राम दारापर्यंत येते. इथली बरीच घरं ‘बाउग्रुप्पं’नी बांधली. काही कुटुंबं एकत्र येतात, जमीन घेतात, वास्तुरचनाकार नेमतात, मध्ये बिल्डर नाही. आपल्याकडे सोसायटीनं स्वयंपुनर्विकास करावा तसं, फक्त कोऱ्या जमिनीवर. शेजारीच रोल्फ डिश यांची ५९ घरांची सौर वसाहत आहे, वापरतात त्याहून जास्त वीज देणारी. अ‍ॅमस्टरडॅमच्या उत्तरेला स्खोनस्खिप हे ४६ कुटुंबांचं तरंगतं गावही असंच रहिवाशांनी मिळून घडवलं.

आणि दुसऱ्या टोकाला स्पेनचा भूमध्य किनारा. तिथल्या नव्या व्हिलांना ‘ए’ लेबल सहज मिळतं, कारण ऊन फुकट आहे आणि थंडी बेताची. सोबत पोहण्याचा तलाव, दोन गाड्यांची जागा, आणि मालक वर्षातून चार वेळा विमानानं येणार. लेबल यातलं काहीही मोजत नाही. पाणी तर नाहीच. कॅटलोनियानं फेब्रुवारी २०२४ मध्ये दुष्काळाची आणीबाणी जाहीर केली, तलाव भरण्यावर निर्बंध आले, तरी तलावाकाठच्या घराचं लेबल ‘ए’चं ‘ए’च राहिलं.

हे सगळं आता मराठी घरांतही बोललं जातं. आइंडहोवन, डब्लिन, म्युनिक इथे नोकरीनिमित्त स्थिरावलेली मंडळी पहिलं घर घेतात ते पुष्कळदा नवंच. बँकाही तिकडे ढकलतात. नेदरलँड्समध्ये २०२४ पासून लेबल जितकं वरचं तितकं कर्ज वाढवून मिळतं, चार अधिकचिन्हं आणि ऊर्जेची हमी असेल तर ५०,००० युरोपर्यंत. अशा घरात राहायला गेल्यावर पहिलं कोडं पडतं ते फोडणीचं. हवाबंद घरात ओट्यावरची चिमणी हवा थेट बाहेर फेकू लागली तर सगळ्या वायुवीजनाचा तोल जातो. म्हणून बऱ्याच नव्या घरांत चिमणी हवा कोळशाच्या फिल्टरमधून गाळून पुन्हा खोलीतच सोडते. हिंग-मोहरी-लसणाचा वास त्या फिल्टरला पुरून उरतो. विकणाऱ्याला हे आधी विचारा, फिल्टर वेळेवर बदला, आणि वायुवीजनाचं यंत्र ‘आवाज करतं’ म्हणून बंद करू नका. हवाबंद घरात ते बंद करणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. त्याच्या जाळ्याही वर्षातून दोनदा बघाव्या लागतात. नेदरलँड्समध्ये आणखी एक नोंद घ्यावी. छतावरची वीज ग्रिडला देऊन बिलातून वजा करून घ्यायची सवलत १ जानेवारी २०२७ पासून संपते आहे. पॅनेलचं गणित जुन्या दरानं कुणी मांडून दाखवत असेल तर ते पुन्हा मांडायला सांगा.

पैसे देण्याच्या रीतीतही खरेदीदाराच्या हातात थोडी सत्ता असते. फ्रान्समध्ये नकाशावर घेतलेल्या घराला पाया होईपर्यंत ३५ टक्के, छप्पर होईपर्यंत ७०, काम पुरं होईपर्यंत ९५, अशी कायद्यानं कमाल ठरलेली आहे. शेवटचे ५ टक्के ताब्याच्या वेळी. डच कायद्यात शेवटचे ५ टक्के बिल्डरला न देता नोटरीकडे ठेवता येतात. ताब्यानंतर तीन महिन्यांनी, तुम्ही हरकत घेतली नाही तर, ते त्याला मिळतात.

ताबा जूनमध्ये मिळाला तर ते तीन महिने सप्टेंबरात संपतात. हीटिंग तोवर एकदाही लागलेलं नसतं आणि कुठून वारा येतो हे कुणाला कळलेलं नसतं. तेव्हा नमुन्याच्या नव्हे, तुमच्याच घराच्या हवाचाचणीचा आकडा लेखी मागा. मिळाला नाही तर पदरच्या पैशानं ती चाचणी करवून घ्या, आणि नोटरीला हरकतीचं पत्र मुदतीआधी पाठवा.